चावरी घोडी आणि धुरपताबाई

आमच्या मुर्री गावात अजूनही कोणी चावऱ्या घोडीचा विषय काढला की माझं डोकं फिरतं. पानठेल्यावर उभं राहून मोबाइलमधला तो जुना व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणारे, हसून हसून एकमेकांच्या पाठीवर थापा मारणारे लोक दिसले की वाटतं, जाऊन एकेकाच्या तोंडात लोखंडी कडी घालावी आणि दोन्हीकडून ओढावी, म्हणजे कळेल घोडी कशाने चावते ते. मी असं काही करत नाही. मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात जन्मभर मलमपट्टी करून निवृत्त झालेला माणूस. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणत नाही, आणि एवढ्यावरूनच माझ्या स्वभावाची कल्पना यावी.

घोडी धुरपताबाईची. धुरपताबाई माझी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मधे एक कुंपण आणि तिचं शेवग्याचं झाड. शेंगा आमच्या बाजूला पडल्या तर आमच्या, हा कायदा तिने स्वतःच केलेला. ठेंगणी, काटक बाई. लुगडं वर खोचलेलं आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधीच दोन पावलं मागे सरकून घ्यावं. तिला कोणी अहो-जाहो केलं तर ती मागे वळून बघायची, आपल्या पाठीशी आणखी कोण येऊन उभं राहिलं म्हणून.

निम्मं जग 'असं म्हणतात' यावर चालतं आणि धुरपताबाईचं त्या दोन शब्दांशी हाडवैर. कोणी 'असं म्हणतात' म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला, "कोन म्हनते? नाव सांग." एकदा ती अंगण सारवत होती. माझी बायको कुंपणापलीकडून सहज म्हणाली, की गुरुवारी सारवू नये म्हणतात. झालं. "कोन म्हनते?" बायको म्हणाली, सगळेच म्हणतात. धुरपताबाईने शेणाचे हात धुतले, पदर खोचला आणि गल्लीतली सात घरं पालथी घालून आली. तासाभराने कुंपणाशी येऊन उभी. "साती घरी इचारलं वो. कोनीच म्हनत नाई. समदे सांगतात का दुसरे म्हनतात." आणि जाऊन तिने उरलेलं अंगण सारवून टाकलं.

तिचा नवरा सोमाजी लग्नाची घोडी ठेवायचा. अतिशय मुखदुर्बळ माणूस. दिवसभरात तो जेवढे शब्द बोलत असेल तेवढे धुरपताबाई चूल पेटवता पेटवता संपवायची. त्याने एका बाजारातून एक शिंगरू आणलं, खुरटं, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेलं. गावाने त्याला वेड्यात काढलं. लग्नाला लागते पांढरीशुभ्र, उंच घोडी, आणि हा घेऊन आला तट्टू. या तट्टावर नवरदेव बसला तर त्याचे पाय जमिनीला लागतील, त्यापेक्षा त्याने चालतच जावं, असे विनोद झाले. धुरपताबाईने त्या शिंगराला चिमणी नाव ठेवलं आणि कामाला लागली.

लोक आजही म्हणतात की चिमणीला सोमाजीने तयार केलं. साफ खोटं. मी कुंपणापलीकडे होतो, मी पाहिलं आहे. धान निघून गेलं की खळं रिकामं असायचं. तिथे धुरपताबाई तेलाचा रिकामा डबा घेऊन बसायची आणि बोटांनी वाजवायची. चिमणी समोर उभी. पाय उचलला की भिजवलेला चणा. नाही उचलला तर काही नाही, ना चणा ना शिवी. काठी तिने कधी हाती घेतली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काठी कायले? काठी घेतली म्हनजे समजून घ्याव, शिकवनाराले येत नाई." घोडीच्या तोंडात लाखोळीच्या डाळीचा दाणा जाऊ नये म्हणून ती स्वतः सुपात चणे निवडायची, कारण लाखोळीने घोड्याचे पाय लुळे पडतात. ही गोष्ट मला पुस्तकात वाचून कळली होती, तिला न वाचता.

दोन वर्षांत त्या तट्टाने सगळ्यांची तोंडं बंद केली. चिमणी नाचायची म्हणजे नुसते पाय आपटायची नाही. डफड्याचा ठेका बदलला की तिचाही बदलायचा. वाजप थांबलं की ती त्याच क्षणी थांबायची. बुटक्या नवरदेवासाठी पुढचा एक गुडघा मोडून खाली वाकायची, मारुतीच्या पारासमोर मान झुकवायची. एका लग्नात नवरदेवाची आजी घोडीपुढे नाचता नाचता पाय अडखळून पडली, ती नेमकी चिमणीच्या पुढ्यात. चिमणीचा उजवा पाय वर होता. तो तिने वरच ठेवला. पाठीवर नवरदेव, कानाशी बँड, भोवती दोनशे माणसं किंचाळत असताना ती तीन पायांवर उभी राहिली, म्हातारीला उचलून बाजूला नेईपर्यंत. मग हळूच पाय खाली टेकवला. माणसांनी तेवढं भान ठेवलं असतं तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. आमच्याकडे वरातीत घोडीचा लगाम धरण्याचा मान जावयाचा. नवरदेवाच्या बहिणीचा नाहीतर आत्याचा नवरा लगाम धरून पुढे चालतो आणि त्याबद्दल त्याच्या खांद्यावर शाल पडते. जावयाला घोडा कशाशी खातात हे माहीत नसतं, पण मान तो मान. सोमाजी होता तोवर काही बिघडलं नाही. जावई लगामाचं टोक धरून फोटो काढून घ्यायचा आणि खरा लगाम, तोंडापाशी, सोमाजीच्या हातात असायचा.

सोमाजी चार दिवसांच्या तापाने गेला. वर्ष सरलं, लगनसराई आली आणि धुरपताबाई घोडी घेऊन स्वतः निघाली. कोण निघणार दुसरं? चिमणीला तिचाच हात माहीत होता. पहिल्याच लग्नात मारुतीच्या वळणावर बायकांनी तिला अडवलं. विधवा बाई नवरदेवाच्या पुढे चालणार? लगाम धरून? तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "कोन म्हनते?" आणि त्या दिवशी तिला नावं मिळाली. नवरदेवाची आजी पुढे आली, आई पुढे आली, आईची मावशीही आली. म्हणणारे सगळे समोर उभे. धुरपताबाईने लगाम सोडला. मी वऱ्हाडात होतो, माझ्याजवळ उत्तर होतं, पण मी तेव्हा पान खात होतो.

तेव्हापासून ठरून गेलं. धुरपताबाईने घोडी सजवून वळणापर्यंत आणायची, तिथे लगाम जावयाच्या हाती द्यायचा आणि स्वतः जनरेटरच्या गाडीमागे, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशी, धूर खात चालायचं. जिच्या बोटांच्या ठेक्यावर ती घोडी नाचायला शिकली ती बाई धुरात, आणि लगाम अशा माणसाच्या हाती ज्याने सकाळपासून दोनदा घेतलेली आहे आणि ज्याला वाटतं की घोडी म्हणजे मोटारसायकल, दांडी ओढली की पुढचं चाक उचलते. मला याचा संताप येतो, अजून येतो. एवढ्याशा जनावराच्या तोंडात लोखंड आणि त्याला लोंबकळलेला सव्वादोन मणाचा जावई, व्हिडिओत आपण शूर दिसावं म्हणून हिसके मारतो आहे.

एका सकाळी धुरपताबाईने मला कुंपणावरून हाक मारली. "डाक्टरभाऊ, चिमनीनं चने खानं सोडलं. पाहून घ्या जरा." मी तोंड उघडून पाहिलं. जिभेला आडवी चीर, दोन्ही गालफडं सोललेली, जिथे लोखंड बसतं तिथलं मांस काळं पडलेलं. मी धुऊन औषध लावलं. ती चिमणीचं डोकं छातीशी धरून उभी होती. मी म्हटलं, लोखंड काढ, तोंडाभोवती बांधलेल्या नुसत्या दोराच्या मोहरकीवर ने. तिने तसं केलं. पुढच्या लग्नात वराकडच्यांनी घोडी परत पाठवली. दोरावर न्यायला ती काय बैल आहे, म्हणाले, आमची इज्जत आहे की नाही?

लोखंड परत आलं आणि चिमणी शिकत गेली. हुशार जनावर वाईट गोष्टीही लवकर शिकतं. आधी ती मान झटकू लागली. मग रस्त्यात मधेच बसकण मारू लागली, नवरदेवासकट. आणि मग चावू लागली. पण ती कोणालाही चावत नव्हती. मी नीट लक्ष ठेवून पाहिलं होतं. बँडवाल्यांना नाही, पोरासोरांना नाही, नवरदेवाला नाही. खांद्यावर नवी कोरी शाल असलेला माणूस जवळ आला की तिचे कान मागे जायचे. बस, तेवढंच. याला लोक वाईट खोड म्हणतात. मी याला हिशेब म्हणतो.

तो व्हिडिओ निघाला त्या लग्नातही मी होतो. एका हार्डवेअरवाल्या शेठच्या घरचं लग्न. त्यांच्या जावयाने लगाम मुठीला गुंडाळला आणि घोडी दोन पायांवर उभी करून दाखवतो म्हणून खाली बसता बसता अख्ख्या अंगाचा हिसका दिला. चिमणीच्या ओठातून रक्ताची धार आली, मी पाहिली. दुसऱ्या हिसक्याला तिने त्याचा दंड दातांत धरला. लोकांच्या मोबाइलवर आहे तो व्हिडिओ तिथून सुरू होतो. दंड, किंचाळणारा जावई, उडालेली शाल, आणि कोणीतरी मागे घातलेलं गाणं. त्याआधीचं कोणी काढलंच नाही. गोंदियात अर्ध्या दिवसात तो सगळीकडे पसरला.

पुढच्या रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. विषय एकच, धुरपताबाईच्या घोडीचं काय करायचं. धुरपताबाई चिमणीला घेऊन आली आणि सगळ्यांच्या समोर उभी राहिली. शेठ म्हणाले, "देखो बाई, घोडी खराब हो गई है. बेच दो, नहीं तो गाँव के बाहर बाँधो." एकाने वीटभट्टी सुचवली, तिथे माती वाहायला काहीही चालतं म्हणे. दुसऱ्याने सांगितलं की काटे असलेला लगाम मिळतो, तो घातला की भल्याभल्यांचा माज उतरतो. त्या लगामाला बंदी आहे हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं. घोडीच्या माजावर तासभर चर्चा झाली. जावयाच्या माजावर एक अक्षर नाही. तो तिथेच बसला होता, दंडाला पांढरी पट्टी बांधून, सत्काराला बोलावल्यासारखा.

धुरपताबाईने सगळं ऐकून घेतलं. मग चिमणीचा ओठ वर केला. "हे पाहा. या इकडे, जवळ या. जिभेले चीर हाय. गालफडं सोलले. हे कोनं केलं? घोडीनं सोताच?"

कोणी उठलं नाही. एवढी माणसं, पण दहा पावलं चालून एका मुक्या जनावराचं तोंड बघायला कोणाला सवड झाली नाही. तेव्हा ती माझ्याकडे वळली. "डाक्टरभाऊ, तुमीनं औषध लावलं. तुमी सांगा या लोकायले."

सगळे माझ्याकडे बघू लागले. शेठ, जावई, सरपंच, सगळे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जखम आहे खरी. पण जखम कशानेही होऊ शकते."

नोकरीत असताना असली वाक्यं मी शेकड्याने लिहिली. ती कोणाला लागत नाहीत, कोणाला भोवत नाहीत. धुरपताबाईने चिमणीचा ओठ सोडला, तोंडावरून हात फिरवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने कुंपणावरून शेंगा दिल्या. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या शेंगा घेताना वाटलं.

लग्नाची बोलावणी बंद झाली. चिमणी खुंट्याला. कामाचं जनावर बसून खायला लागलं की सुखावतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते दिवस पाहायला हवे होते. कुठेतरी लांब बँड वाजला की चिमणी खुंट्याभोवती फिरायची, भिंतीला लाथा घालायची, गुडघे सोलून घ्यायची. मी औषध लावायला जायचो. धुरपताबाई म्हणायची, "तिले काम पाहिजे, डाक्टरभाऊ. नाचनाऱ्या जनावराले बांधून ठेवलं तं ते मरते."

त्याच सुमाराला डोंगरगडकडून एक माणूस आला. त्याची बँडपार्टी होती, चार घोड्या होत्या. आला होता तो व्हिडिओ पाहूनच. "सब लोग काटना देख रहे थे, बाई," तो म्हणाला, "मैं उसके पैर देख रहा था." मला त्याचं कौतुक वाटलं. इतक्या जणांनी तो व्हिडिओ पाहिला, त्या गोंधळातही ठेका न सोडणारे घोडीचे पाय पाहिले ते फक्त याने. धुरपताबाईने डबा वाजवला. चिमणी नाचली. किती दिवसांनी नाचत होती, थांबायलाच तयार नव्हती. त्या माणसाने टोपी काढून हातात घेतली.

"ले जाऊंगा," तो म्हणाला.

"लगाम कोनता घालता?" धुरपताबाईने विचारलं.

त्याने पिशवीतून काढून दाखवला. कडीच्या आतल्या अंगाला खिळ्यांसारखी टोकं होती. "डरो मत, महीने भर में सुधर जाएगी."

धुरपताबाईने तो हातात घेतला, अंगठा टोकांवरून फिरवला. मग त्याच्यापुढे धरून म्हणाली, "तोंड उघड."

तो हसला. ती हसली नाही. हात तसाच पुढे. त्याने लगाम परत घेतला, पिशवीत टाकला आणि जाता जाता म्हणाला, की मन बदललं तर फोन कर, माझा शब्द कायम आहे.

त्यानंतर माझ्या मुलाचं, निखिलचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी धुरपताबाई आमच्या पडवीत आली. दुसऱ्याच्या घरी ती खुर्चीवर बसत नसे, खांबाला टेकून उभी राहायची. तशीच उभी राहिली आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"निखिलच्या लग्नात चिमनी सांगा. लगाम माह्या हाती राहीन. एक घर पाहिजे, डाक्टरभाऊ. एका घरानं केलं तं बाकीचे करतीन. तुमाले लोक मानतात."

मी म्हटलं, "आणि नाही झालं तर?"

"मंग डोंगरगडवाल्याले फोन कराव लागन. तो काटे घालन, पन नाचवन तरी. अठी तं भितीवर डोस्कं आपटून मरन ते."

हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला. उभ्या जन्मात कोणाकडे काही न मागितलेली बाई माझ्या पडवीत उभी राहून मागत होती. आणि मागत तरी काय होती? स्वतःच्या घोडीचा स्वतःच्या हाती लगाम. मी म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "पाहा." आणि गेली.

मी खरंच ठरवलं होतं. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. ठरवलं होतं हेच सांगतो. चार दिवसांनी माझी थोरली बहीण शांताताई आणि भाऊजी लग्नाच्या याद्या करायला आले. जेवणं झाली. मी विषय काढला, "वरातीला घोडी सांगावी म्हणतो. धुरपताबाईची."

ताईने सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. "बरं आहे की. लगाम हे धरतील. मान यांचा आहे."

भाऊजी शर्ट सारखा करत जरा ताठ बसले. मी बोलायचं ते तिथेच बोलायचं होतं. लगाम धुरपताबाई धरेल, एवढंच. तीन शब्द. ताई रुसली असती, भाऊजी दोन दिवस जेवले नसते, लग्नात मागच्या रांगेत बसले असते. यापलीकडे काय झालं असतं? मी त्या तीन शब्दांभोवती जिभेने एक चक्कर मारली आणि म्हणालो, "पण राहू दे. जीपच सांगू. ती घोडी चावते. मी स्वतः तिच्यावर औषधपाणी केलंय, मला माहीत आहे ना."

ताई म्हणाली, मग कशाला ती पीडा. भाऊजी म्हणाले, डॉक्टरच सांगतो म्हटल्यावर विषय संपला. आणि खरोखर संपला. आठवड्याच्या आत सगळ्या मुर्रीत झालं, डॉक्टर म्हणतो घोडी वाईट आहे. तोवर निदान दोन-चार लोक तरी चुकचुकायचे, जावयाचीही चूक असेल म्हणायचे. माझ्या एका वाक्याने तेही बंद झाले. धुरपताबाईच्या कानावर ते गेलं तेव्हा तिने विचारलंच असणार, कोन म्हनते, नाव सांग. या वेळी लोकांना दुसऱ्याकडे बोट दाखवायची गरज पडली नाही.

मी तिला स्वतः जाऊन काहीच सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. फक्त आमच्या बाजूला पडलेल्या शेंगा मला उचलवेनात.

निखिलची वरात दिवस मावळायच्या आधी निघाली. फुलांनी सजवलेली उघडी जीप, पुढे डीजे, आणि ताईच्या हट्टाने एक डफडीवाल्यांचा ताफाही. भाऊजी जीपच्या बोनेटला हात लावून चालत होते, खांद्यावर शाल. लगाम नाही तर बोनेट, पण मान सोडला नाही. गल्ली अरुंद, त्यामुळे वरात धुरपताबाईच्या फाटकासमोर अडकली. डीजेवाला गाणं बदलायला थांबला आणि तेवढ्या फटीत डफडीवाल्यांनी ठेका धरला.

फाटकाआड अंगणात चिमणीने पाय उचलला.

धुरपताबाई तिथेच होती, चिमणीच्या गळ्यातला दोर हातात धरून. तिने घोडी दाखवायला आणली नव्हती; अंगावर साज नाही, घुंगरू नाही, धुरपताबाईच्या हाताला कोंडा लागलेला. पण ठेका कानावर पडला आणि चिमणी नाचू लागली. गुडघा मोडून, मान वळवून, एकेका ठोक्याला एकेक पाऊल टाकत. दोराला ताण नव्हता. धुरपताबाईचं बोट फक्त जरा हलत होतं. वऱ्हाडातली माणसं एकेक करून फाटकाकडे वळली. बायका वळल्या, भाऊजी वळले, बोनेटवरचा हात काढून. मी इतक्या वर्षांत चिमणीला इतकं सुंदर नाचताना पाहिलं नव्हतं, आणि मी तिला शिंगरू असल्यापासून पाहत होतो.

निखिल जीपमधून वाकला. शहरात नोकरीला असतो तो, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "बाबा," तो म्हणाला, "ही चावते?"

त्याच्या बोलण्यात नुसता प्रश्न नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर तो उतरला असता, हे मला त्याच्या तोंडावरून दिसलं. त्याचा एक पाय जीपच्या पायरीवर आलाही होता. डफडी थांबली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, पारावर बघत होते तसेच. धुरपताबाई माझ्यापासून दहा हात अंतरावर होती.

"चावते," मी म्हणालो. "चल, उशीर होतोय."

निखिलने पाय आत घेतला. धुरपताबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. वाजप थांबलं तरी चिमणी त्या दिवशी थांबली नव्हती, पाय उचलतच होती. तिच्या मानेवर हात ठेवून धुरपताबाई हळूच म्हणाली, "बस." चिमणी थांबली. मग डीजे सुरू झाला आणि वरात पुढे गेली.

आठ-दहा दिवसांनी बायकोने सांगितलं की धुरपताबाई घर बंद करून माहेरी निघाली, चिचगडच्या पलीकडे. तिच्या वाडवडिलांनी बांधलेला तलाव आहे तिथे, भाऊ शेती करतो. डोंगरगडला तिने फोन केला नव्हता. माहेरी तलावाच्या बांधावर चरायला गवत आहे आणि खुंट्याला बांधायची गरज नाही, एवढंच ती बोलली म्हणे. दोन टेम्पोवाल्यांना तिने विचारलं होतं. दोघांनीही चावरं जनावर गाडीत घेणार नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणाले. म्हणून ती पायी निघाली. तिच्या वयाला, तीन दिवसांची वाट.

मी स्कूटर काढली. आमगावच्या रस्त्यावर ती मला दिसली. चिमणीच्या पाठीवर दोन गाठोडी आणि चण्यांची पिशवी, धुरपताबाई पुढे, डोक्यावर पदर. मी पुढे जाऊन थांबलो. चिमणीने मला ओळखलं, नाक पुढे करून माझा शर्ट हुंगला. औषध लावणारा हात म्हणजे चांगला हात, एवढंच त्या बिचाऱ्या जनावराला ठाऊक. धुरपताबाई तिचं हुंगणं होईपर्यंत थांबली.

मी म्हटलं, "धुरपताबाई, मी टेम्पो बघून देतो. माझं नाव सांगितलं की नेतील. ऊन आहे, इतक्या लांब कशाला..."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. पारावर तिने सगळ्यांना चिमणीचं तोंड उघडून दाखवलं होतं तेव्हा जशी होती तशीच, शांत.

"कायले, डाक्टरभाऊ?" ती म्हणाली. "चावते ते."

आणि ती चालू लागली. मी स्कूटरवर बसून बघत राहिलो. चिमणीच्या तोंडात लोखंड नव्हतं. गळ्यातला दोर तिच्याच पाठीवर टाकलेला होता, कोणी धरलेला नव्हता. धुरपताबाई मागे वळून न बघता चालत होती आणि घोडी तिच्या मागे मागे जात होती.